एरिक हार्टमान: ३५२ विमानं पाडली हे खरं धरायचं का?

रानवाटा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन फायटर पायलट एरिक हार्टमान, त्याच्या नावावर ३५२ विमानं पाडल्याची नोंद आहे, जगात एक नंबर. आणि ही सगळी अडीच वर्षांत, नोव्हेंबर १९४२ ते मे १९४५, तेवीस वर्षांचा होईपर्यंत. आता दुसऱ्या बाजूचे आकडे बघा. अमेरिकेचा रिचर्ड बॉन्ग ४०, ब्रिटिशांचा जॉनी जॉन्सन ३४, रशियाचा इव्हान कोझेदुब साठच्या थोडं वर. फिनलंडचा युटिलाइनेन ९४, तो जर्मन सोडून बाकी सगळ्यांत पहिला. म्हणजे त्याच्याही जवळजवळ चौपट!!

बरं एकटा हार्टमान असता तर म्हटलं असतं की असतो एखादा अफाट माणूस, पण बार्कहॉर्न ३०१, राल २७५, किटेल २६७, नोवोट्नी २५८... यादी संपतच नाही, सगळे जर्मन. जिथे वाचावं तिथे एक तर नुसती आरती ओवाळलेली असते नाहीतर "नाझी प्रपोगंडा" म्हणून एका ओळीत विषय मिटवलेला. मला दोन्ही पटत नाही. कोणी नीट सांगू शकेल का की हे आकडे एवढे कसे झाले, आणि हा माणूस नेमका लढायचा कसा? युद्धानंतर त्याचं काय झालं तेही वाचायला आवडेल.

गगनभेदी

चांगला प्रश्न आहे, जरा लांब लिहितो.

आधी हे बघा की तो किती वेळा उडाला. १४०४ लढाऊ उड्डाणं, आणि त्यातल्या ८२५ वेळा हवेत शत्रूशी प्रत्यक्ष गाठ. बॉन्गची लढाऊ उड्डाणं दोनशेच्या आसपास आहेत. अमेरिकन आणि ब्रिटिश पायलटांना ठरावीक तास भरले की मागे बोलवायचे, ट्रेनिंग स्कूलला नाहीतर ऑफिसात, बॉन्गला तर चाळीस झाल्यावर थेट मायदेशी पाठवला. जर्मनांकडे तसलं काही नव्हतं, मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत उडायचं एवढाच नियम. नोवोट्नी नोव्हेंबर १९४४ मध्ये गेला, किटेल फेब्रुवारी १९४५ मध्ये. क्रिकेटमध्ये नुसत्या एकूण धावा बघून चालत नाही, इनिंग किती खेळल्या तेही बघावं लागतं, तसंच हे. आणि ह्या पद्धतीचा तोटा जर्मनांनाच झाला, मुरलेले लोक आघाडीवरच संपले आणि नवीन पोरांना शिकवायला कोणी राहिलं नाही, १९४४ मध्ये कोवळी पोरं जेमतेम ट्रेनिंगवर येऊन पहिल्या दोन-चार उड्डाणांतच मरत होती.

आता हार्टमान. जन्म १९ एप्रिल १९२२, वाइसाख, म्हणजे श्टुटगार्टच्या बाजूला. वडील डॉक्टर, लहानपणीची काही वर्षं चीनमध्ये गेली. विमानाचं वेड आईकडून आलं, ती स्वतः उडवायची, तिने गावात ग्लायडर क्लब चालवला आणि हा शाळेत असतानाच तिथे शिकला. १९४० मध्ये लुफ्तवाफमध्ये म्हणजे जर्मन हवाई दलात भरती, ऑक्टोबर १९४२ मध्ये जेजी ५२ ह्या फायटर युनिटमध्ये, कॉकेशस भागात.

सुरुवात अगदी वाईट होती. पहिल्याच उड्डाणात लीडर होता एडमुंड रॉसमान. शत्रूची विमानं दिसली तसा हा पठ्ठ्या लीडरला सोडून पुढे घुसला, मग रॉसमानचंच विमान त्याला शत्रूचं वाटलं आणि त्याच्यापासून पळत सुटला, इंधन संपलं आणि विमान माळावर आपटलं. शिक्षा म्हणून तीन दिवस ग्राउंड क्रूबरोबर काम. ५ नोव्हेंबरला पहिलं विमान पाडलं, इल्युशिन-२ (जमिनीवर हल्ला करणारं रशियन विमान), पण त्याचे तुकडे उडून ह्याच्याच इंजिनला लागले आणि पुन्हा पोटावर लँडिंग. एप्रिल १९४३ पर्यंत शंभरेक उड्डाणं झाली तरी खात्यात फक्त सात! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जन्मजात चमत्कार वगैरे काही नव्हता, तो शिकत गेला.

शिकला दोघांकडून. रॉसमानच्या हाताला जुनी दुखापत होती म्हणून तो गरगर वळणाऱ्या डॉगफाइटमध्ये पडायचाच नाही, वरून बघत थांबायचा, नेमका क्षण आला की एकदाच मारायचा. दुसरा वाल्टर क्रुपिन्स्की, त्याचा सल्ला की जवळ जा, अजून जवळ जा. (ह्याच्या पोरगेल्या चेहऱ्यामुळे "बुबी" हे नाव पण क्रुपिन्स्कीनेच पाडलं.) हार्टमानने दोन्ही एकत्र केलं. बघायचं, ठरवायचं, मारायचं आणि निघून जायचं. पटलं नाही तर हल्लाच करायचा नाही. नंतर तो सांगायचा की त्याने पाडलेल्यांपैकी बहुतेकांना तो मागे आहे हे कळलंच नव्हतं.

जवळ जाण्याचं तांत्रिक कारणही आहे. मेसरश्मिट १०९ जी ह्या विमानाची तोफ २० मिलिमीटरची, एकच, पंख्याच्या मधून मारणारी, आणि दोन मशिनगन इंजिनच्या वर. सगळी हत्यारं नाकावर. पंखातल्या बंदुकांसारखं अमुक अंतरावरच गोळ्या एकत्र येतील अशी भानगड नाही, पन्नास मीटरवरून मारलं तरी सगळं एकाच जागी लागतं. तोफेत गोळे मोजकेच, त्यामुळे लांबून उधळायची सोय नव्हती. पण एवढ्या जवळून मारलं की समोरच्याचे तुकडे अंगावर येतात, त्याच्या अनेक फोर्स लँडिंग त्यामुळेच झाल्या.

मग रशियातली कुर्स्कची मोठी लढाई. जुलै १९४३ मध्ये ७ तारखेला एका दिवसात सात. ऑगस्टमध्ये असेच तुकडे लागून तो रशियन हद्दीत उतरला आणि पकडला गेला. पोटात मार लागल्याचं नाटक केलं, ट्रकमध्ये टाकून नेत असताना वरून जर्मन स्टुका बॉम्बर आली, पहारेकऱ्याचं लक्ष गेलं तसं त्याला ढकलून ह्याने उडी मारली आणि सूर्यफुलाच्या शेतात घुसला. रात्री चालत परत आला तर जर्मन संत्र्यानेच गोळी झाडली, ती पॅन्ट फाडून गेली. तोपर्यंत त्याचा मेकॅनिक मेर्टेन्स बंदूक घेऊन एकटाच त्याला शोधायला निघाला होता. पायलटचं नाव होतं पण विमान रोज उडायच्या लायकीचं ठेवणारे हे मेर्टेन्ससारखे लोक, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढचं पटपट. ऑक्टोबर १९४३, १४८ विमानं, नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक. मार्च १९४४, २०० पार, त्याच पदकाचा वरचा दर्जा ओक लीव्ह्ज. २४ ऑगस्ट १९४४ ला एका दिवसात अकरा आणि ३०० चा आकडा ओलांडणारा पहिला माणूस, दुसऱ्या दिवशी त्याहून वरचा दर्जा डायमंड्स जाहीर, जे अख्ख्या जर्मन सैन्यात फक्त २७ जणांना मिळाले. शेवटचं विमान ८ मे १९४५ ला चेकोस्लोव्हाकियात ब्रनोवर, म्हणजे युद्ध संपलं त्याच दिवशी.

जुनी_पानं

गगनभेदी साहेब, मस्त लिहिलंय, पण "खरं धरायचं का" हा मूळ प्रश्न राहिला.

३५२ हा दाव्यांचा आकडा आहे. जर्मन पद्धत कागदावर कडक होती, लेखी रिपोर्ट, वेळ, जागा, उंची, साक्षीदार, मग ते सगळं बर्लिनला जायचं. पण साक्षीदार कोण तर बहुतेक वेळा त्याच्याच तुकडीतला विंगमन म्हणजे जोडीने उडणारा साथीदार, आणि साक्ष काय तर "धूर काढत खाली जाताना पाहिलं". धूर काढत खाली गेलेलं विमान पडतंच असं नाही, इल्युशिन-२ चं तर अर्धं अंग चिलखताचं, खूप मार खाऊन ती जमिनीलगत घरी पोचायची. शिवाय एकाच विमानावर दोन-तीन जण मारतात आणि प्रत्येकाला वाटतं की माझ्यामुळे पडलं. ह्यात कोणी खोटं बोलतंय असंही नाही, तीनशे-चारशे किलोमीटरच्या वेगात तीन सेकंदांत जे दिसलं ते सांगतो माणूस. शेवटच्या काही महिन्यांत तर बर्लिनमधलं हे कागदी कामही कोलमडलं होतं.

आणि हे फक्त जर्मनांचं नाही. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात साठच्या आसपास पडली होती. तिप्पट! तेही स्वतःच्या देशावरची लढाई, पडलेली विमानं शेतात जाऊन मोजता येत होती तरी.

मुद्दाम केलेले खोटे दावेही सापडलेत. ऑगस्ट १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत जेजी २७ मधली एक चौकडी वाळवंटात गोळ्या झाडून यायची आणि एकमेकांना साक्ष द्यायची. हार्टमानवर असा आरोप सिद्ध झालेला नाही हे स्पष्ट लिहितो. पण नव्वदच्या दशकात रशियन दप्तरं उघडल्यावर काही रशियन अभ्यासकांनी त्याचे दावे तारीखवार लावून बघितले, आणि त्यांच्या मते ३५२ च्या मानाने जुळणारं नुकसान फारच कमी निघतं. जर्मन बाजूचे अभ्यासक म्हणतात रशियन नोंदीही अर्धवट आहेत, वाद चालू आहे.

माझं मत विचाराल तर ३५२ हा पक्का आकडा म्हणून कधीच सांगू नये, "३५२ दावे" म्हणावं. आणि अर्धे जरी खरे धरले तरी १७६ होतात, युटिलाइनेनच्या ९४ च्या बरेच वर. म्हणजे तो मोठा पायलट होता की नाही हा प्रश्न उरतच नाही, प्रश्न फक्त किती मोठा.

अजून एक कारण सुटलं. पूर्व आघाडीवर हवाई युद्ध खालच्या उंचीवर चालायचं, रणगाड्यांना आणि पायदळाला मदत म्हणून. इल्युशिन-२ ही एकटीच छत्तीस हजारांवर बनली. जर्मन फायटर मोजके आणि समोर लक्ष्यंच लक्ष्यं, तळ आघाडीला चिकटून, दिवसात तीन-चार वेळा उडता यायचं. पश्चिमेला सात-आठ हजार मीटरवर बॉम्बरांचे थवे, प्रत्येकावर दहा-दहा मशिनगन आणि सोबत मस्टँग ही अमेरिकन फायटर विमानं. तिथे मुरलेले लोकही टिकले नाहीत. हार्टमानचे ३५२ पैकी ३४५ सोव्हिएत आणि फक्त ७ अमेरिकन आहेत ते असे, बहुतेक रुमानियात प्लोएश्तीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर अमेरिकन यायला लागले तेव्हाचे.

माळावरची_वीज

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे, पण मला एक गोष्ट बोलायचीच आहे. आपण मोजतोय काय? इल्युशिन-२ मध्ये दोन माणसं असायची. पुढे पायलट चिलखतात आणि मागे गनर, उघड्यावर म्हणावं इतका, कारण आधी विमान एकाच माणसासाठी बनायचं आणि चिलखत त्याच्यापुरतंच. मागून जवळ येऊन मारणाऱ्या फायटरची पहिली गोळी त्या गनरला लागायची. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती ती. "समोरच्याला कळलंच नाही" हे वाक्य त्यांच्या बाजूने वाचून बघा एकदा.

आणि हे युद्ध कोणाच्या जमिनीवर चाललेलं? कॉकेशस, कुर्स्क, क्रिमिया, युक्रेन. जर्मनी तिथे घुसली होती, ह्या युद्धात सोव्हिएत युनियनची अडीच कोटींहून जास्त माणसं मेली. हार्टमान स्वतः छळछावणी चालवत नव्हता हे मान्य, पण तो ज्या सैन्याचा हवेतला पहारेकरी होता त्या सैन्याच्या छायेतच ते सगळं झालं. ती डायमंड्स हिटलरने स्वतःच्या हाताने दिली, आणि अशा पायलटांचे फोटो, पोस्टकार्डं छापून घराघरात पोचवली गेली. नंतर शीतयुद्धात अमेरिकेला जर्मनी दोस्त म्हणून हवी होती तेव्हा तिकडच्या लेखकांनी ह्यांना शूर सरदार करून टाकलं, सूर्यफुलाच्या शेतासारख्या बऱ्याच गोष्टी आपण वाचतो त्या त्याच चरित्रांतून आलेल्या आहेत आणि बहुतेक हार्टमानने स्वतः सांगितलेल्या. कौशल्याचा अभ्यास जरूर करा, माझा त्याला विरोध नाही, पण हे बाजूला ठेवून नको.

गगनभेदी

ताई, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि गनरची गोष्ट लिहिलीत ते बरं केलंत. चरित्रांबद्दलही बरोबर आहे, त्याच्या विमानाच्या नाकावर रंगवलेल्या काळ्या ट्युलिप फुलाला घाबरून रशियन पळून जायचे वगैरे मी म्हणूनच लिहिलं नाही.

फक्त एक फरक करावासा वाटतो. पुरस्कार आणि फोटो ह्या बाबतीत तो सरकारच्या प्रचाराचा भाग होता, त्यात शंका नाही. पण युद्धानंतर कैदेत असताना सोव्हिएतांनी त्याच्याविरुद्ध जो खटला चालवला तो वेगळा विषय, त्यात न्याय झाला असं मला म्हणता येत नाही.

पेनशील

युद्धानंतरचं मी लिहितो, मला त्या भागात जास्त रस आहे.

८ मे १९४५ ला वरून हुकूम आला की हार्टमान आणि त्याचा कमांडर हेर्मान ग्राफ ह्यांनी विमानं घेऊन ब्रिटिशांकडे निघून जावं, रशियनांच्या हाती लागू नये म्हणून. दोघं गेले नाहीत. तळावर युनिटची माणसं होती, शिवाय पळून आलेल्या बायका-पोरं, त्यांना सोडून जायचं नाही म्हणून विमानं जाळली आणि सगळे चालत अमेरिकन ९० व्या इन्फंट्री डिव्हिजनकडे शरण गेले. अमेरिकनांनी काही दिवसांत सगळ्यांना सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात दिलं.

मग दहा वर्षांहून जास्त काळ कैद. सोव्हिएतांना तो त्यांच्या बाजूने यायला हवा होता, नंतर पूर्व जर्मनीच्या हवाई दलात घ्यायची ऑफरही आली, तो नाही म्हणत राहिला. उपोषणं केली, एकांतवास भोगला. १९४९ च्या शेवटी अशा हजारो कैद्यांना घाऊक शिक्षा सुनावल्या गेल्या, त्यात हार्टमानला २५ वर्षं सक्तमजुरी. आरोपांत एका गावातल्या शेकडो नागरिकांना मारल्याचं, एका पावाच्या कारखान्यावर हल्ल्याचं आणि ३४५ सोव्हिएत विमानं नष्ट केल्याचंही होतं. शेवटचं वाचून थक्क व्हायला होतं, युद्धात शत्रूचं विमान पाडणं हा गुन्हा असेल तर कोझेदुबचं काय. १९५० मध्ये शाख्तीच्या कोळसाखाणीच्या छावणीत कैद्यांचा उठाव झाला त्यातही तो होता.

तो आत असताना घरी मुलगा जन्माला आला आणि लहानपणीच गेला, बापाने त्याला कधी पाहिलंच नाही. वडीलही गेले. बायको उर्सुला, सगळे तिला उश म्हणायचे, लग्न सप्टेंबर १९४४ मध्ये झालेलं, ती थांबली. सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले, राजनैतिक संबंधांच्या बदल्यात उरलेले जवळजवळ दहा हजार कैदी सोडवले, त्यात हा. १९९७ मध्ये रशियाच्या लष्करी अभियोक्त्यांनी ती शिक्षा चुकीची होती असं जाहीर केलं, पण हार्टमान १९९३ मध्येच गेला होता.

माळावरची_वीज ताई, तुम्ही म्हणाल म्हणून आधीच लिहितो, जर्मनांच्या हाती लागलेल्या साधारण ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी तेहतीस लाखांच्या आसपास मेले. हार्टमान जिवंत परतला. हेही लक्षात ठेवूनच वाचायला हवं.

आता मला त्याचं सगळ्यात आवडणारं काम सांगतो, आणि ते युद्धातलं नाही. १९५६ मध्ये तो पश्चिम जर्मनीच्या नव्या हवाई दलात आला, १९५९ मध्ये जेजी ७१ "रिश्टहोफेन" ह्या जेट युनिटचा पहिला कमांडर झाला, विमान होतं सेबर हे जेट फायटर. तेव्हाच सरकारने अमेरिकन एफ-१०४ स्टारफायटर घ्यायचं ठरवलं. मूळ विमान उंचावर स्वच्छ हवेत वेगाने जायला बनवलेलं, जर्मनांनी त्यात भाराभर इलेक्ट्रॉनिक्स घालून ढगाळ हवेत जमिनीलगत बॉम्ब टाकायला वापरायचं ठरवलं. हार्टमानचं म्हणणं सरळ होतं की आपले पायलट आणि मेकॅनिक ह्याला तयार नाहीत, आधी मधलं एखादं सोपं विमान घ्या, त्यावर हात बसू दे. वरिष्ठांना ते रुचलं नाही, त्याची बढती अडली, १९७० मध्ये ओबर्स्ट म्हणजे कर्नल असतानाच वेळेआधी निवृत्त झाला.

काय झालं मग? ९१६ स्टारफायटरपैकी २९२ कोसळली आणि शंभरावर पायलट मेले, शांततेच्या काळात. आधीचे संरक्षणमंत्री काई-उवे फॉन हासेल ह्यांचा स्वतःचा मुलगा मार्च १९७० मध्ये स्टारफायटर पडून गेला. पुढे ते विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीच्या लाचखोरीचं प्रकरणही जगभर गाजलं. ह्यात योहानेस श्टाइनहोफला मात्र श्रेय द्यायला हवं, तोही युद्धातला जुना पायलट, एप्रिल १९४५ मध्ये जेट पेटून चेहरा जळालेला, १९६६ मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला आणि देखभाल, ट्रेनिंग सगळं सुधारायला लावलं, मग अपघात कमी झाले.

माझ्यासाठी ३५२ पेक्षा हे मोठं आहे. जो माणूस हवेत "पटलं नाही तर हल्ला करू नका" म्हणायचा तोच ऑफिसातही तेच म्हणत होता, आणि नोकरीची किंमत देऊन म्हणत होता.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. "३५२ दावे" हे आता कायम लक्षात ठेवेन. शेवटचं एक, अमेरिकनांनी शरण आलेल्यांना असं रशियाला कसं काय दिलं? आणि बार्कहॉर्न, राल हे पण जेजी ५२ चेच ना, त्यांना का नाही दिलं?

जुनी_पानं

दोस्त राष्ट्रांत ठरलेलं होतं की जे युनिट ज्याच्याविरुद्ध लढलं त्याने त्यालाच शरण जायचं. जेजी ५२ जवळजवळ पूर्ण युद्ध रशियाविरुद्ध लढलेलं, त्यामुळे अमेरिकनांच्या दृष्टीने हे सगळे सोव्हिएतांचे कैदी होते, त्यात बायका-पोरंही गेली हे फार वाईट झालं.

बार्कहॉर्न आणि राल दोघांची त्याआधीच जेजी ५२ मधून बदली झालेली होती. राल दक्षिणेत दुसऱ्या युनिटचा कमांडर, अमेरिकनांच्या हाती लागला. बार्कहॉर्न जर्मन फायटर दलाचा माजी प्रमुख गालांड ह्याच्या जेट तुकडीत होता, विमान आपटून जखमी झाला आणि हॉस्पिटलमधूनच पश्चिमेच्या ताब्यात गेला. ह्यात बघण्यासारखं हे की मार्च १९४५ मध्ये हार्टमानलाही मेसरश्मिट २६२ जेटच्या ट्रेनिंगला लेखफेल्डला, म्हणजे बव्हेरियात बोलावलं होतं, गालांडला तो त्याच्या तुकडीत हवा होता. ह्याने मागून मागून जेजी ५२ ला परत पाठवण्याचा हुकूम मिळवला, माझी माणसं तिकडे आहेत म्हणून. तिथेच राहिला असता तर अमेरिकनांचाच कैदी झाला असता, बार्कहॉर्न तर १९४५ मध्येच सुटून घरी गेला होता.